माफी माग, पण मताची नको

पत्र असं आहे:

"ताई, मी २७ वर्षांची आहे. सिनेमे बघायला मला माझ्या दादाने शिकवलं, तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी शाळेत असताना तो मला शेजारी बसवून जगभरातले सिनेमे दाखवायचा, मध्येच पॉज करून समजावायचा. त्याचा देव म्हणजे रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्की. मला तो कधीच झेपला नाही, 'सोलारिस' कसाबसा पूर्ण पाहिला, 'स्टॉकर'मध्ये झोपले, पण इतकी वर्षं मी 'हो, भारी आहे' असंच म्हणत आले. मागच्या महिन्यात दादाचे मित्र घरी आले होते, सगळे आपापले फेवरेट सिनेमे सांगत होते, मी 'द अपार्टमेंट' म्हटलं तर दादा म्हणाला, गोड आहे तो, टाइमपास. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तार्कोव्हस्की जगातला सगळ्यात ओव्हररेटेड डायरेक्टर आहे, कोणालाच काही कळत नाही आणि सगळे कळल्याचं नाटक करतात. सगळे हसले, दादा नाही हसला. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलतो पण सिनेमावर एक अक्षर नाही. पूर्वी आठवड्याला दोन-तीन तरी लिंका पाठवायचा, आता काहीच नाही. मी चुकले का? माझं मत खरंच तेच आहे. मग खोटं खोटं सॉरी म्हणू का? – धाकटी"

धाकटे, एकेरीतच लिहिते, सहीच तशी केलीयेस म्हणून.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'नाटक' या शब्दापाशी थांबले. तू त्या दिवशी दोन वाक्यं बोललीस. पहिलं, तार्कोव्हस्की ओव्हररेटेड आहे. हे तुझं मत, असू दे, तुझ्यासारखे बरेच जण आहेत. दुसरं, सगळे कळल्याचं नाटक करतात. आता त्या 'सगळे'मध्ये दादा आपोआप आला ना गं. ज्याने तुला शेजारी बसवून, पॉज करकरून, इथे बघ, हा उजेड बघ असं करत सिनेमा दाखवला त्याला तू त्याच्याच मित्रांसमोर सांगितलंस की तुझी आवड खोटी आहे. मत कितीही कडक असलं तरी त्याच्यावर भांडता येतं, वाद घालता येतो, रात्रभर घालता येतो. पण तुझं प्रेमच दिखाऊ आहे असं कोणी म्हटलं तर माणूस काय पुरावा देणार? तो गप्प बसतो.

म्हणून आधी उत्तर देऊन टाकते, बाकीचं सावकाश वाच. माफी माग, पण त्या दुसऱ्या वाक्याची. पहिलं वाक्य अजिबात मागे घेऊ नकोस, घेतलंस तर ते खोटं असेल आणि दादाच्या ते लगेच लक्षात येईल, इतकी वर्षं तो तुझ्या शेजारी बसून सिनेमे बघतोय.

आता एक अवघड गोष्ट, रागावू नकोस. इतकी वर्षं 'भारी आहे' म्हणत आले असं तूच लिहिलंयस. म्हणजे त्या खोलीत आवडल्याचं नाटक खरंच कोणी केलं असेल तर ते तू केलंस. दोष देत नाहीये मी तुला. लहान होतीस, दादा एवढ्या उत्साहाने दाखवतोय तर त्याचा हिरमोड कशाला करायचा, शिवाय आपल्याला काही कळलं नाही हे कबूल करायची त्या वयात लाज पण वाटते. पण काय होतं ना, आपण वर्षानुवर्षं नुसती मान डोलावत बसलो की हळूहळू वाटायला लागतं बाकीचे पण मानच डोलावतायत. आणि मग एक दिवस ते सगळं साठलेलं भलत्याच ठिकाणी बाहेर पडतं. माझ्या मते दादाला खरं तर हे कळायला हवं. तार्कोव्हस्की तुला आवडत नाही हे तर त्याला कळलंच, पण ते सांगायला तुला पंधरा वर्षं का लागली हे अजून कळलेलं नाही.

आता दादाचं पण बघू, कारण सुरुवात त्याने केली. 'गोड आहे तो, टाइमपास.' मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण 'द अपार्टमेंट' माझ्याही अगदी जवळचा सिनेमा आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांची आधीच माफी मागते, एक मोठी गोष्ट फुटणार आहे, पण त्याच्याशिवाय मला हे सांगताच येणार नाही. जॅक लेमन ऑफिसातला साधा कारकून, बढती मिळावी म्हणून आपलं घर साहेब लोकांना त्यांच्या लफड्यांसाठी वापरायला देतो. एकदा घरात कोणीतरी विसरलेली पावडरची डबी सापडते, आतला आरसा तडकलेला, तो ती मोठ्या साहेबाला नेऊन देतो. पुढे बढती झाल्यावर नवीन हॅट घेतो आणि त्याला मनापासून आवडणारी लिफ्टवाली मुलगी, शर्ली मॅक्लेन, ती हॅट कशी दिसते ते बघायला स्वतःची डबी उघडून त्याच्यासमोर धरते. आरसा तडकलेला. त्याला स्वतःचा चेहरा दोन तुकड्यांत दिसतो आणि त्या एका क्षणात त्याला सगळं कळतं, साहेबाबरोबर आपल्या घरी येणारी बाई कोण ते. कोणी कोणाला काही समजावून सांगत नाही, कोणी रडत नाही, पार्श्वसंगीताने ढोल बडवत नाही. हॅट, आरसा आणि चेहरा, एवढंच. हे टाइमपासवाल्याचं काम आहे होय? आणि ते अवाढव्य ऑफिस आठव, रांगाच्या रांगा टेबलांच्या, संपतच नाहीत. सेट करणाऱ्याने मागे मागे टेबलं छोटी छोटी ठेवत नेली होती, म्हणून ते एवढं अंतहीन दिसतं. त्या गर्दीत एक माणूस किती क्षुल्लक आहे हे सांगायला दिग्दर्शक बिली वाइल्डरला एक वाक्यही लागलं नाही. हसवता हसवता हे सगळं करायचं आणि वर कोणाला कष्ट दिसू द्यायचे नाहीत, मला तरी हे फार थोर वाटतं.

पण बिली वाइल्डरला हलकं समजणारा दादा एकटा नाही. अँड्र्यू सॅरिस नावाचे फार मोठे अमेरिकन समीक्षक होते. सिनेमा म्हणजे मुख्यतः दिग्दर्शकाची कला ही कल्पना अमेरिकेत रुजवली ती त्यांनीच, १९६२ च्या एका लेखाने. मूळ ठिणगी फ्रान्समधली, पुढे दिग्दर्शक झालेल्या त्रुफोने १९५४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, 'काये द्यू सिनेमा' या मासिकात लेख लिहून तेव्हाच्या नावाजलेल्या फ्रेंच सिनेमावाल्यांना झोडपलं होतं. म्हणजे बघ, तू त्या दिवशी केलंस तेच, फक्त छापून. तर या सॅरिसनी १९६८ साली पुस्तक काढलं आणि त्यात दिग्दर्शकांची सरळ वर्गवारीच केली, सगळ्यात वर मानाचं पान आणि मग खाली खाली वेगवेगळे कप्पे. वाइल्डरला कुठे टाकलं माहितीये? 'दिसतो त्यापेक्षा कमी' अशा अर्थाच्या कप्प्यात. कुब्रिकला तर 'ओढूनताणून गंभीर' अशा कप्प्यात. पुढे त्याच सॅरिसनी वाइल्डरबद्दलचं मत बदललं आणि तसं स्वतः लिहून जाहीर केलं, की माझं चुकलं, हा माणूस वरच्या रांगेतलाच आहे. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. कप्पे पाडणाऱ्यानेच कप्पा बदलला.

असंच अजून एक, 'बॉनी अँड क्लाइड', १९६७. न्यूजवीकचे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी आधी सिनेमा झोडपला, मग पुन्हा एकदा जाऊन भरलेल्या थिएटरात लोकांबरोबर बघितला आणि पुढच्याच अंकात लिहिलं की माझं आधीचं परीक्षण चुकलं. एका आठवड्यात! नोकरी परीक्षणं लिहायची असताना हे करायला केवढी छाती लागते. तुला तर फक्त एका दादासमोर एक वाक्य मागे घ्यायचंय.

आता 'ओव्हररेटेड' या शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण हल्ली तो जरा जास्तच सहज तोंडात येतो आणि मला त्याचा त्रास होतो. या शब्दात सिनेमाबद्दल काहीच नसतं. एखादा सीन नाही, शॉट नाही, नटाचं काम नाही, काही नाही. सगळं त्या सिनेमाला मोठं म्हणणाऱ्या लोकांबद्दल असतं. म्हणून तो शब्द काढला की समोरचा चिडतो, सिनेमासाठी नाही चिडत, स्वतःसाठी चिडतो. आणि हे मोठेपण तरी कुठे दगडावर कोरलेलं आहे? ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारून जगातल्या सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. १९५२ मध्ये 'सिटिझन केन' पहिल्या दहात पण नव्हता, मग १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही याद्यांत तोच पहिला, म्हणजे पिढ्या गेल्या. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' आला १९५८ मध्ये, तेव्हा त्याचं फार काही कौतुक झालं नव्हतं, पहिल्या दहात यायला १९८२ उजाडलं आणि २०१२ मध्ये तो पहिला. तेव्हा मतं दिली होती ८४६ जणांनी. २०२२ मध्ये १,६३९ जणांना धरलं आणि पहिला कोण आला तर दिग्दर्शिका शांताल अकरमनचा १९७५ चा 'जान दिएलमान', २०१ मिनिटांचा, एका बाईचं घरकाम जवळपास जसंच्या तसं दाखवणारा, दहा वर्षांपूर्वी जो पहिल्या तिसात पण नव्हता. त्या मधल्या दहा वर्षांत सिनेमाची एक फ्रेम बदललेली नाही. विचारलं कोणाला ते बदललं, आणि बघणाऱ्यांची नजर बदलली.

म्हणजे नावाचा गाजावाजा कधी खोटा नसतोच असं नाही हं म्हणायचं मला. काही नावांचा दबदबा इतका होतो की बाकीचे झाकले जातात, अकरमनसारखी बाई एवढी वर्षं मागे राहिली ती त्यामुळेच. त्याच्याविरुद्ध बोलायलाच पाहिजे. पण तसं बोलायचं असेल तर झाकलेल्याचं नाव घेऊन बोलावं, याला खाली खेच म्हणण्यापेक्षा हिच्याकडे बघा म्हणावं. तू जर त्या दिवशी तार्कोव्हस्कीला हात न लावता तो आरशाचा सीन सांगितला असतास ना, तर मला वाटतं मित्र गप्प होऊन ऐकत बसले असते.

मोठमोठ्या लोकांचं पण जमत नाही बघ. स्वीडनचा थोर दिग्दर्शक बर्गमन, त्याला तार्कोव्हस्की सगळ्यांत थोर वाटायचा आणि त्याच बर्गमनला ऑर्सन वेल्स अजिबात सहन व्हायचा नाही, वेल्सचा 'सिटिझन केन' त्याला कंटाळवाणा वाटायचा, उघड बोलायचा तसं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारही नाही आवडायचा. आता बर्गमनला सिनेमा कळत नव्हता असं म्हणणार का आपण? नाही आवडला त्याला, संपलं.

तेव्हा तुला तार्कोव्हस्की नाही आवडला तर नाही आवडला. फक्त एक विनंती आहे, मनापासून. त्याचे पूर्ण लांबीचे सिनेमे सातच, त्यातला तू एक पूर्ण बघितलायस आणि एक अर्धा. तेवढ्यावर अख्ख्या माणसाला निकालात काढू नकोस, जे बघितलंस त्याच्याबद्दल बोल. कुठे सुटलीस ते सांग. 'सोलारिस'मध्ये तो मोटारीचा लांबच्या लांब सीन आहे, टोकियोच्या रस्त्यांवर शूट केलेला, बोगदे आणि पूल आणि गाड्या, मिनिटंच्या मिनिटं, तिथे सुटलीस का? मग तेच म्हण. दादा, त्या गाडीच्या सीनमध्ये मी वाट बघत होते की काहीतरी होईल, झालं नाही आणि मला राग आला. बघ कसं वाटतं हे ऐकायला. याच्यावर दादाला बोलता येतं, तो विचारू शकतो कसला राग, तो म्हणू शकतो मला पण आधी आला होता, किंवा म्हणेल मला तिथे शांत वाटतं. एकदम दार उघडं. ओव्हररेटेड म्हटलं की दार बंद.

'स्टॉकर'ची माझी गोष्ट सांगते. पहिल्यांदा मी एकटीने बघितला तेव्हा मला काही केल्या त्यात शिरता आलं नाही, अर्ध्यावर बंद केला. पावणेतीन तासांच्या आसपासचा सिनेमा आणि शॉट्स जेमतेम दीडशेच्या घरात, म्हणजे एकेक शॉट सरासरी मिनिटापेक्षा जास्त, मला सवयच नव्हती. दुसऱ्यांदा बघितला तो एका मित्राबरोबर, त्याचा अतिशय लाडका. मला धास्ती होती की हा आता लेक्चर देणार. तो काहीच बोलला नाही. फक्त सिनेमातले ते तिघं रुळावरच्या ट्रॉलीवर बसून झोनकडे, म्हणजे जिथे जायला बंदी असते त्या गूढ प्रदेशाकडे, निघाले तेव्हा त्याने हात लांब करून आवाज वाढवला. बस. मग मी पहिल्यांदा नीट ऐकलं. चित्रात काय तर तपकिरी, रंग उडालेला पडदा आणि तिघांची डोकी, कॅमेरा अगदी जवळ, कधी मान दिसते कधी कान कधी गाल, मागचं सगळं पुसट. आणि रुळांचा खडखडाट, खड खड, खड खड. हा खडखडाट हळूहळू बदलत जातो, त्याच्यात संगीतकार आर्तेमयेव्हचे इलेक्ट्रॉनिक सूर मिसळत जातात, नेमका कधी बदलला ते पकडताच येत नाही, तीन-चार मिनिटं हेच चाललंय, आपण पण थोडे गुंगीत जातो, आणि मग एकदम हिरवं. रंग. गवत, धुकं, खांब, शांतता. माझ्या अंगावर काटा आला होता. ते तिघं झोनमध्ये पोचले आणि मी पण पोचले होते, कधी ते मलाही कळलं नाही. मित्राने आवाज वाढवला नसता तर मी दुसऱ्यांदा पण बाहेरच राहिले असते.

यावरून तुला पण आवडेलच असं काही नाही. माझ्या बहिणीला हाच सीन दाखवला तर ती म्हणाली झोप येतेय, आणि ते पण खरंच होतं, तो सीन थोडा झोपेच्या वाटेनेच जातो. एकदम बरोबर ठिकाणी पोचली होती ती, फक्त तिला ते आवडलं नाही.

तर आता काय करायचं. दादाला एकट्याला गाठ, मेसेज नको करूस, मेसेजमध्ये सॉरी म्हटलं की तो अंगठा पाठवेल आणि विषय तिथेच मरेल. समोर बसून सांग की तू नाटक करतोस असं मी म्हणायला नको होतं, मला माहितीये तुला ते सिनेमे खरंच आवडतात, नाटक मीच करत होते, इतकी वर्षं. आणि पुढचं पण लगेच सांगून टाक की 'टाइमपास' म्हणालास ते मला लागलं, कारण तो माझा सिनेमा आहे, तू दाखवलेला नाही, माझा मी शोधलेला. मला वाटतं खरी गोम इथेच आहे. पंधरा वर्षं तुम्हा दोघांच्यात दाखवणारा तो आणि बघणारी तू. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या मित्रांसमोर तू तुझं काहीतरी ठेवलंस आणि त्याने न बघताच बाजूला सारलं. त्याला कदाचित जाणवलं पण नसेल, मोठ्या भावंडांना धाकटं मोठं झालेलं उशिरा दिसतं. तू सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

मित्रांचं विचारशील तर, ते हसले होते ना, मग पुढच्या वेळी ते जमतील तेव्हा त्यांच्यासमोर पण एकदा सांग, सहज, की त्या दिवशी मी दादाबद्दल चुकीचं बोलले, तार्कोव्हस्कीबद्दल अजून माझं तेच मत आहे. चारचौघांत लागलेलं चारचौघांतच निघतं.

आणि मग त्याला म्हण, 'स्टॉकर' नको आख्खा, तुझा सगळ्यात लाडका सीन दाखव, एकच, आणि का ते सांग. फोन लांब ठेव. पॉज त्यानेच करू दे पहिल्यासारखं. नाही आवडला तर 'भारी आहे' म्हणायचं नाही, या वेळी अजिबात नाही. कंटाळा आला तर कंटाळा म्हण, काही वाटलं तर वाटलं म्हण, अर्धंच कळलं असेल तर अर्धंच म्हण. तो थोडा हिरमुसेल, हिरमुसू दे. तुझी खरी प्रतिक्रिया त्याला पहिल्यांदा मिळतेय आणि ज्याला सिनेमा एवढा प्रिय आहे त्याला ती हवीच असते, माझ्यावर विश्वास ठेव.

त्याने लगेच हो म्हटलं नाही, नुसतं 'बघू' म्हणाला, तर मागे लागू नकोस. आठवडाभराने तूच एखादी लिंक पाठव, आजवर तोच पाठवत आलाय ना.

नंतर कधीतरी तुझी पाळी येईल. 'द अपार्टमेंट' लावशील तेव्हा तू गप्प बस, पॉज करू नकोस, आणि त्या आरशाबद्दल त्याला आधी काही सांगू नकोस. त्याने बघितलाय म्हणा एकदा, पण तेव्हा तो टाइमपास म्हणून बघत होता. हॅटचा सीन आला की फक्त आवाज थोडा वाढव.